बिअरची फारशी आवड नसलेला बिअरचा गुरू

सिंगापुरात घरच्या घरी बिअर करायला २००४ सालापासून मुभा आहे. अटी साध्या आहेत. करणाऱ्याला अठरा वर्षे पुरी झालेली असावीत, एका घरात महिन्याकाठी ३० लिटरांहून अधिक होऊ नये, ती विकू नये आणि दारू गाळण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. त्यामुळे आपल्याकडील काही हौशी मंडळींच्या स्वयंपाकघरात, इडलीच्या पिठाच्या पातेल्याशेजारी, झाकणाचे एक पिंपही आता बसलेले दिसते. (मुंबई-पुण्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे हा उद्योग परवान्याशिवाय करता येत नाही, हे सुट्टीत तिकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

नवशिक्यासाठी तयार संच मिळतो. त्यात मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, हॉपच्या फुलांची कडू चव उतरवलेला, काकवीसारखा दाट पाक डब्यात भरलेला असतो. एक यीस्टची पुडी असते आणि एक सूचनांचे पत्रक. पाक गरम पाण्यात विरघळवायचा, साखर घालायची, गार पाणी घालून एकूण २३ लिटर करायचे, पुरेसे निवले की यीस्ट भुरभुरायचे, झाकण लावायचे आणि आठवडाभर वाट पाहायची. तीस लिटरांची अट असल्याने त्याच महिन्यात दुसरा डबा फोडता येत नाही, हे ओघानेच आले. पण पत्रक वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. बिअर करण्याविषयी त्यात जेवढे लिहिलेले असते, जवळजवळ तेवढेच धुण्याविषयी लिहिलेले असते. पिंप धुवा, चमचा धुवा, नळी धुवा, मग जंतुनाशकाच्या पाण्याने पुन्हा धुवा. झाकण उगाच उघडू नका. या सगळ्या सूचनांमागे एक दाढीवाले, तापट स्वभावाचे फ्रेंच गृहस्थ उभे आहेत. त्यांना स्वतःला बिअरची फारशी आवड नव्हती आणि बिअरच्या अभ्यासाला ते लागले ते शत्रूची खोड मोडण्यासाठी. त्यांचे नाव लुई पाश्चर.

पाश्चर म्हटले की आपल्याला कुत्रा चावल्यावरचे इंजेक्शन आठवते, नाहीतर तापवलेले दूध. क्रमिक पुस्तकांत या दोन गोष्टी हटकून असतात. मधल्या बिअरच्या प्रकरणाला मात्र मुलांच्या पुस्तकात जागा मिळत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. पण मोठ्यांनी ते जाणून घ्यायला हरकत नाही.

लुईचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात होते, आणि देशाभिमान हा त्या घरातला रोजचा भाजीभाकरीसारखा विषय होता. मुलगा वाढला तो आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावात. शाळेत तो फार चमकदार नव्हता. चित्रे मात्र सुरेख काढी. पंधरासोळाव्या वर्षी पॅरिसला शिकायला पाठवले तर घरच्या ओढीने आजारी पडून परत आला. दुसऱ्या खेपेस मात्र टिकला, आणि १८४३ साली तिथल्या प्रसिद्ध एकोल नोर्मालमध्ये त्याला प्रवेश मिळाला. ही संस्था म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा. आम्हा मास्तर मंडळींना हे वाचून थोडे बरे वाटते.

रसायनशास्त्रात पाश्चर यांनी पहिले नाव मिळवले ते १८४८ साली. द्राक्षाच्या दारूच्या पिंपांत बसणाऱ्या साक्यापासून मिळणाऱ्या आम्लाच्या स्फटिकांत उजवे आणि डावे असे दोन प्रकार असतात, हे त्यांनी चिमट्याने एकेक खडा वेचून दाखवले. पुढच्याच वर्षी स्ट्रासबूर्गला मारी लोरां यांच्याशी विवाह झाला. या बाईंनी नवऱ्याची प्रयोगाची टिपणे रात्री सुवाच्य उतरून देण्यात आयुष्य काढले. पाच मुले झाली, त्यांतल्या तीन मुली लहानपणीच गेल्या, पैकी दोघी टायफॉइडने. जंतूंवरचा पाश्चर यांचा राग नुसता पुस्तकी नव्हता.

१८५४ साली ते लील येथे विज्ञान शाखेचे प्रमुख झाले. ते कारखान्यांचे शहर होते. १८५६ साली बिगो नावाचा एक कारखानदार त्यांच्याकडे आला. बीटच्या रसापासून तो मद्यार्क काढीत असे आणि त्याची काही पिंपे नासत होती. पाश्चर रोज कारखान्यात जाऊन थेंब आणू लागले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. चांगल्या पिंपातल्या थेंबात यीस्टचे गोल, गुबगुबीत कण दिसत. आंबट झालेल्या पिंपात त्याहून कितीतरी बारीक, काडीसारखे काही वळवळताना दिसे. आपण दुधाला विरजण लावतो तेव्हा त्यात अशाच जातीच्या काड्या घालत असतो, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक होते? जर्मनीतले थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे मत असे की आंबणे म्हणजे निव्वळ रासायनिक कुजणे, त्यात सजीवाचे काही काम नाही. पाश्चर यांनी १८५७ साली जाहीर मांडले की प्रत्येक आंबण्यामागे एक विशिष्ट सजीव असतो. गोल कण साखरेचा मद्यार्क करतात, काड्या तिचे आम्ल करतात. पुढे त्यांनी हेही दाखवले की यीस्टला हवा मिळाली की ते भराभर वाढते, आणि हवा तोडली की वाढ मंदावून साखरेचा मद्यार्क करत जगते. म्हणूनच घरी बिअर करणारा सुरुवातीला पाक ढवळून त्यात हवा मिसळतो आणि मग झाकण घट्ट लावतो.

हे जंतू येतात कोठून, हा पुढचा वाद. काही विद्वान म्हणत, ते रसात आपोआप उपजतात. पाश्चर यांनी काचेचे चंबू घेतले, त्यांची मान तापवून हंसाच्या मानेसारखी वाकडी ओढली आणि आतला रस उकळला. हवेला आत यायला वाट होती, पण हवेतली धूळ त्या वळणात अडकून पडे. रस महिनोन्महिने स्वच्छ राहिला. मान मोडली की काही दिवसांत नासला. या कामासाठी १८६२ साली फ्रेंच अकादमीने त्यांना पारितोषिक दिले. बिअरच्या पिंपाच्या झाकणावर पाणी भरलेली एक वाकडी नळी बसवलेली असते. आतला वायू बुडबुडे काढीत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. ती नळी हंसमानेच्या चंबूची सख्खी नसली तरी चुलत बहीण खासच आहे.

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, हे आपल्या आज्यांना सूक्ष्मदर्शकाशिवाय ठाऊक होते. जपानात तर पाश्चर यांच्या जन्माआधी काही शतकांपासून साके टिकण्यासाठी तापवीत असत. तेव्हा सगळेच श्रेय एका माणसाला देणे बरोबर नाही. पाश्चर यांनी दिले ते कारण. कारण कळले की नियम कुठे लागू आणि कुठे नाही हे ठरवता येते.

१८६३ साली बादशहा तिसऱ्या नेपोलियनने त्यांना द्राक्षाच्या दारूचे रोग शोधायला सांगितले. ती बंद बाटलीत ५० ते ६० अंशांपर्यंत तापवली की टिकते, हा त्यांचा उपाय. त्यालाच पुढे त्यांचे नाव चिकटले. मग रेशमाच्या किड्यांच्या रोगाचे काम आले. त्या दगदगीत ऑक्टोबर १८६८ मध्ये अर्धांगाचा झटका आला. डावे अंग लुळे पडले, ते पुरते कधीच सुधारले नाही. पाश्चर तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. यानंतरचे त्यांचे सारे काम असे एका हाताचे आहे, हे आपण विसरतो.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. जर्मन तोफांनी स्ट्रासबूर्ग भाजून काढले, पॅरिसला वेढा पडला. बॉन विद्यापीठाने दोन वर्षांपूर्वी दिलेली सन्माननीय पदवी पाश्चर यांनी जानेवारी १८७१ मध्ये संतापाने परत पाठवली. त्यांचा एकुलता मुलगा सैन्यात होता आणि त्याच्या तुकडीची दाणादाण उडाल्याची बातमी आली. तेव्हा हा अर्धांग झालेला माणूस पत्नीला आणि मुलीला घेऊन मोडक्या घोडागाडीतून बर्फात निघाला. पाँतार्लिएच्या वाटेवर माघार घेणाऱ्या, थंडीने गोठलेल्या शिपायांत शोधत शोधत अखेर त्यांना मुलगा सापडला. आजारी होता, पण जिवंत होता. पाश्चर यांच्या चरित्रात हा प्रसंग मला सर्वांत हृद्य वाटतो.

तह झाला त्यात आल्सासचा प्रांत जर्मनीने घेतला. त्याबरोबर हॉपचे मळे गेले, उत्तम बिअरचे कारखाने गेले. बिअरमध्ये जर्मनांचा हात धरणारा कोणी नव्हता. पाश्चर यांनी ठरवले की याच धंद्यात शत्रूला गाठायचे. पॅरिसमध्ये राहण्यासारखे नव्हते, म्हणून ते क्लेरमाँ-फेराँ येथे दुक्लो या आपल्या शिष्याकडे गेले. शेजारच्या शामालिएर गावात एक छोटा बिअरचा कारखाना होता, तिथे प्रयोग सुरू झाले. १८७१ सालीच त्यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिने केलेल्या बिअरला फ्रान्समध्ये राष्ट्रीय सूडाची बिअर असे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. विज्ञानाच्या इतिहासात असे नाव दुसरे आढळणार नाही. मला ते मुलांना सांगायला आवडत नाही, पण झाकून ठेवणेही बरे नव्हे.

मौज अशी की या सूडाचा पहिला लाभ झाला तो इंग्रजांना. सप्टेंबर १८७१ मध्ये पाश्चर लंडनला गेले आणि व्हिटब्रेड यांच्या प्रचंड कारखान्यात शिरले. तिथल्या काळ्या पोर्टर बिअरचे यीस्ट त्यांनी मागून घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि सांगितले की हे ठीक नाही, यात परके जंतू आहेत. व्यवस्थापक चमकले, कारण त्या बिअरविषयी त्यांची स्वतःचीही कुरकुर होती आणि नवे यीस्ट आणायच्या खटपटीत ते होतेच. आठवड्याने पाश्चर परत गेले तो कारखान्यात नवा सूक्ष्मदर्शक येऊन बसला होता, आणि यीस्टही बदलले होते. तोवर कारागिराला बिअर बिघडली एवढे कळे. का बिघडली ते कळत नसे. मग दुसऱ्याकडून उसने यीस्ट आणायचे, आणि त्याच्या पिंपातला रोगही त्याबरोबर आणायचा, असे चाले.

पॅरिसला परतल्यावर प्रयोगशाळेच्या तळघरात बिअर होऊ लागली. चव पाहायला बेर्तां नावाचे त्यांचे जुने स्नेही असत. हे गृहस्थ स्ट्रासबूर्गला राहिलेले, बिअरचे जाणकार आणि थट्टेखोर. आधी चांगला पेला पाजा, व्याख्यान मागाहून द्या, असा त्यांचा आग्रह असे. पाश्चर यांना दोन बिअरींतला जो फरक कळत नसे, तो बेर्तां एका घोटात सांगत. नंतर मोठ्या प्रमाणावरचे प्रयोग नान्सीजवळ ताँताँव्हिल येथे तूर्तेल बंधूंच्या कारखान्यात झाले. सारे काम १८७६ साली बिअरवरील त्यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. आंबट बिअर, तार येणारी बिअर, कुजकट बिअर यांचे जंतू त्यात चित्रांसकट दिले आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बिअर तापवून टिकवावी, हा पाश्चर यांचा मुख्य उपदेश नव्हता. द्राक्षाच्या दारूपेक्षा बिअर नाजूक, तापवली तर चव उतरते, हे ते जाणून होते. त्यांचे म्हणणे असे की पाक उकळून निर्जंतुक करा, बंद भांड्यात निववा, गाळलेली हवा द्या आणि शुद्ध यीस्ट घाला. मग तापवण्याची गरजच पडणार नाही. बाटल्या तापवून दूरदेशी पाठवण्याची रीत कारखान्यांनी उचलली, आणि नाव त्यांचे लागले. घरी बिअर करणारा बाटल्या तापवीत नाही, उलट त्यात चिमूटभर साखर घालून जिवंत यीस्टकडून फेस भरून घेतो. म्हणजे पाश्चर यांचा खरा शिष्य तोच.

त्यांचा दुसरा दावा आपल्या या उष्ण बेटाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. जर्मन पद्धतीची बिअर थंडीत, बर्फाच्या साहाय्याने होई, कारण गारव्यात परके जंतू वाढत नाहीत. पाश्चर म्हणत, जंतूच नसतील तर बर्फ कशाला? विचार बिनतोड होता, पण निम्मा. उष्णतेत शुद्ध यीस्टसुद्धा बिअरला केळ्यासारखा किंवा उग्र वास आणते, हे सिंगापुरात तीस अंशांच्या खोलीत पिंप ठेवणाऱ्या नवशिक्याच्या पहिल्याच खेपेस ध्यानात येते. नेहमीच्या यीस्टला वीस अंशांच्या आसपास बरे वाटते. म्हणून इथले जाणते लोक जुना फ्रिज घेऊन त्यात पिंप ठेवतात. त्या काळी हा प्रश्न सोडवला तो लिंडे या जर्मन इंजिनिअरच्या थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राने, म्यूनिकच्या बिअर कारखान्यात. मलायन ब्रुअरीजची टायगर बिअर सिंगापुरात निघाली ती १९३२ साली, असली यंत्रे हाताशी आल्यावर. त्याच सुमारास जर्मनांनीही इथे आर्किपेलॅगो ब्रुअरी काढली होती. दुसऱ्या महायुद्धात ती शत्रूची मालमत्ता ठरली आणि १९४१ साली मलायन ब्रुअरीजने विकत घेतली. बिअर आणि युद्ध यांची गाठ अशी आपल्या दारातही पडलेली आहे.

सूडाचे काय झाले? फ्रेंच बिअर जर्मन बिअरच्या पुढे काही गेली नाही. पाश्चर यांचा ग्रंथ मात्र सगळीकडे वाचला गेला. कोपनहेगनला कार्ल्सबर्गचे मालक याकोबसेन हे त्यांचे मोठे चाहते होते. त्यांनी १८७५ साली कारखान्याला जोडून प्रयोगशाळाच काढली. तिथल्या एमिल हान्सेन यांनी पाश्चर यांची एक उणीव दाखवली. पाश्चर जंतू वेगळे काढीत, पण रानटी यीस्ट आणि कामाचे यीस्ट दोन्ही गोलच. ते त्यांच्या पद्धतीने वेगळे होत नसे. हान्सेन यांनी १८८३ साली यीस्टचा एकच कण वेगळा करून त्याचाच वंश वाढवला. कार्ल्सबर्गने ते यीस्ट इतर कारखान्यांना देऊन टाकले. संचातल्या पुडीत निवडक वंशाचे यीस्ट असते ते या वाटेने. आणि १८९७ साली बुख्नर या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्ट चिरडून काढलेल्या, सजीव कण नसलेल्या रसानेही साखरेचा मद्यार्क होतो हे दाखवले. म्हणजे लीबिग अगदीच चूक नव्हते. ते पाहायला तोवर दोघेही हयात नव्हते.

बिअरनंतर पाश्चर माणसांच्या आणि जनावरांच्या रोगांकडे वळले. बिअरला रोग जंतूंमुळे होतो तर माणसाला का नाही, ही त्यांची वाट. कोंबड्यांचा कॉलरा, मेंढ्यांचा काळपुळीचा रोग, आणि ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर, या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. माइस्टर आल्सासचा, म्हणजे जर्मनीने घेतलेल्या मुलुखातला. त्यांच्या वह्या पुढे अभ्यासकांना खुल्या झाल्या तेव्हा असे दिसले की मेंढ्यांच्या लशीबाबत त्यांनी जाहीर सांगितले एक आणि वापरली दुसऱ्याच्या कृतीची. एवढ्या मोठ्या माणसाला हे शोभले नाही. पण लस लागू पडली होती, हेही खरे.

१८८८ साली पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे तयार झालेले हाफकिन १८९३ साली हिंदुस्थानात आले, आणि मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांनी लस करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. चंबूतल्या रशावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली ते प्लेगचे जंतू वाढवीत. लीलच्या पिंपापासून परळच्या प्रयोगशाळेपर्यंतचा धागा तो हा. कसौलीच्या थंड डोंगरावर इंग्रजांचा बिअरचा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच होता. १९०० साली त्याच गावात हिंदुस्थानातली पहिली पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ पाश्चर यांचे निधन झाले. इन्स्टिट्यूटच्या तळघरात त्यांची समाधी आहे. तिच्या भिंतींवर आणि छतावर रंगीत काचखड्यांची नक्षी आहे. तिच्यात त्यांचे सारे आयुष्य चितारले आहे: मेंढ्या, कोंबड्या, कुत्रे, तुतीची पाने, द्राक्षाचे वेल आणि त्यांच्या सोबतीला हॉपचेही.